नजरबंदी आणि हुडिनीचे संग्रहालय

बुडापेस्ट शहरात बुडा किल्ल्याच्या भागात दिस तेर नावाचा चौक आहे. तेथे २०१६ साली डेव्हिड मर्लिनी यांनी ‘हाउस ऑफ हुडिनी’ हे लहानसे संग्रहालय उघडले. मर्लिनी स्वतः बेड्यांतून सुटण्याचे खेळ करणारे. बेड्या, कुलुपे, खेळांचे सामान असा तेथील संग्रह.

जादूगाराचे संग्रहालय धर्माभ्यासाच्या पानावर कशाला, असे काही वाचक विचारतील. हा जादूगार रब्बीचा मुलगा होता हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे.

हॅरी हुडिनीचे खरे नाव एरिक वाइस. जन्म बुडापेस्ट येथे २४ मार्च १८७४ रोजी झाला. वडील रब्बी मायर सॅम्युएल वाइस हे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील ॲपलटन गावी लहानशा यहुदी मंडळीचे रब्बी झाले. पुढे ती जागा गेली आणि कुटुंबाला गरिबीचे दिवस आले. वडील १८९२ साली वारले. देशांतर केलेल्या माणसांना ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको.

आता दुसरे कारण. तोरा जादूटोण्याला सक्त मनाई करते. दवारीमच्या अठराव्या अध्यायात चेटूक करणारा आणि मेलेल्यांना विचारणारा हे दोघेही एकाच यादीत आहेत. मग कुलूप उघडून दाखवणारा त्या यादीत बसतो काय?

सानहेद्रिनच्या सातव्या अध्यायातील मिश्ना येथे एक भेद करते. जो खरोखर कृत्य करतो तो शिक्षेस पात्र. जो केवळ डोळ्यांना भुरळ घालतो तो शिक्षेतून सुटतो. रब्बी अकिवा यांनी काकड्यांचा दाखला दिला आहे: दोघे जण जादूने काकड्या गोळा करतात, पण एक सुटतो आणि दुसरा दोषी ठरतो. या दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे नुसत्या भासाला, हिब्रूत अहिझत एनायिम म्हणतात, शब्दशः डोळे पकडणे. आपल्या मराठीत यासाठी नजरबंदी हा नेमका शब्द तयारच आहे.

शिक्षा नाही म्हणून मोकळीक आहे, असे मात्र समजू नये. गेमारा सांगते की नजरबंदीला दंड नसला तरी ती मनाच आहे, आणि रम्बाम यांनीही ती मना केली. विसाव्या शतकातील रब्बी मोशे फाइनस्टाइन यांच्या मते केवळ हाताची चपळाई ही या मनाईत येत नाही. आमचेही मत तिकडे झुकते, पण एका अटीवर: पाहणाऱ्याला हा खेळ आहे हे ठाऊक असावे.

त्याच गेमारात एक मजेदार प्रसंग आहे. रव यांनी आपले काका रब्बी हिय्या यांना सांगितले की एका अरबाने तलवारीने उंट कापला, मग काहीतरी वाजवले आणि उंट उठून उभा राहिला. रब्बी हिय्यांनी एवढेच विचारले, मागे रक्त आणि शेण पडले होते काय? नसेल तर ती नजरबंदी. हुडिनीने ७ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोम नाट्यगृहात जेनी नावाची हत्तीण नाहीशी केली, तेव्हा असा सवाल विचारणारे रब्बी हिय्या तेथे हवे होते! पण हुडिनीनेच उत्तर दिले असते. आपल्या अंगी दैवी शक्ती नाही, असे तो नेहमी सांगे.

याच गोष्टीवरून त्याची मैत्री तुटली. शेरलॉक होम्सचे लेखक सर आर्थर कॉनन डॉयल यांचा मृतात्म्यांवर विश्वास होता. हुडिनीची आई सेसिलिया १९१३ साली वारली, आणि तो शोक त्याने कधी टाकला नाही. जून १९२२ मध्ये अटलांटिक सिटी येथे डॉयल यांच्या पत्नीने आईचा आत्मा आला असे म्हणून पाने भरभर लिहून काढली. पहिल्या पानाच्या माथ्यावर क्रूस होता, आणि मजकूर इंग्रजीत. रब्बीची विधवा क्रूस काढील? आणि हुडिनीच्या म्हणण्याप्रमाणे तिला इंग्रजी लिहिता येतच नव्हते.

येथे रब्बी हिय्यांचाच प्रश्न आहे, फक्त उंटाच्या जागी आई आहे. मुंबईत प्लँचेटभोवती बसलेली शोकाकुल घरे ज्यांनी पाहिली, त्यांना हा प्रश्न किती कठीण आहे ते कळेल, कारण दुःखी माणसाला फसवून घ्यायचेच असते. हुडिनीने मात्र १९२४ साली अशा लबाड्या उघड करणारे पुस्तक काढले, आणि १९२६ साली वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसच्या समितीपुढे भविष्य सांगणाऱ्यांविरुद्धच्या विधेयकाच्या बाजूने साक्ष दिली. विधेयक मंजूर झाले नाही.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला तो डेट्रॉइट येथे वारला. न्यूयॉर्कच्या माखपेला कबरस्तानात, आईची पत्रे उशाखाली ठेवून, त्याला पुरले. त्याची पत्नी बेस ख्रिस्ती होती. त्याच्याशी ठरल्याप्रमाणे तिने दहा वर्षे आत्म्याला बोलावण्याच्या बैठका भरवल्या. हे ठरवण्यात हुडिनी चुकला असे आमचे स्पष्ट मत आहे. परीक्षा म्हणून केले तरी तोरेने मना केलेलेच ते काम. १९३६ सालच्या शेवटच्या बैठकीतही कोणी आले नाही.