झाडावर दोराने चढायचे, तर पैसे कुठे घालावेत?

एप्रिल सरत आला की शहरांतल्या सोसायट्यांना आवारातल्या गुलमोहराची काळजी वाटू लागते. पावसाआधी जड फांद्या उतरवायच्या असतात. ठेकेदार येतो तो शिडी, करवत, कोयता आणि एक जुना निळा दोर घेऊन. दोर असतो फांदी खाली सोडण्यासाठी. वर चढलेल्या माणसाला आधार फक्त स्वतःच्या हातापायांचा.

हे बदलायला हवे, असे आता छाटणीची कामे घेणाऱ्या काही ठेकेदारांना आणि बागकामवाल्यांनाही वाटते. ते दुकानात जातात आणि बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. दुकानदार बांधकामावरचा 'सेफ्टी बेल्ट' गळ्यात मारतो, किंवा इंटरनेटवर परदेशी सामानाची दीड लाखाची यादी पाहून माणूस हाय खातो आणि पुन्हा निळ्या दोराकडे वळतो. या दोन टोकांच्या मध्ये चाळीस हजार रुपयांच्या आसपास एक नीट, सुरक्षित मार्ग आहे. खाली दिलेल्या किमती अंदाजाच्या आहेत. आयात माल रुपयाच्या दराप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे बदलतो, त्यामुळे घेण्याआधी दोन ठिकाणी भाव काढावा.

पहिला खर्च हार्नेसचा, आणि इथेच सर्वांत मोठी गफलत होते. बांधकामावर दिसणारा पाठीत एकच रिंग असलेला पट्टा दीड-दोन हजारांत मिळतो. त्यावर आयएस ३५२१ हे भारतीय मानक छापलेले असले, तर तो खोटा नाही. पण त्याचे काम वेगळे आहे. माणूस मचाणावर उभा राहून काम करतो आणि चुकून पडला तर तो पट्टा त्याला अडवतो. झाडावर माणूस तासन्‌तास दोरावर बसून काम करतो, म्हणजे वजन कमरेवर आणि मांड्यांवर यायला हवे आणि दोर पोटासमोर जोडला जायला हवा. पाठीतल्या रिंगेवर लटकून फांदी कापताच येत नाही. त्याहून वाईट म्हणजे तसा निश्चल लटकलेला माणूस पायांत रक्त साचून काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो.

म्हणून हार्नेस घेताना दोन गोष्टी बघाव्यात : पोटासमोर वजन पेलणारी रिंग आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक रिंग. युरोपीय मानकांच्या भाषेत बसून काम करण्यासाठी ईएन ८१३ आणि कमरेच्या आधारासाठी ईएन ३५८. हे दोन्ही आकडे लेबलवर असावेत. पेट्झल कंपनीचा सेक्वोया किंवा टॉयफेलबर्गरचा ट्रीमोशन हे खास झाडांसाठीचे हार्नेस. त्यांत पुढे दोराचा एक सरकता पूल असतो, त्यामुळे फांदीवरून चालताना शरीर सहज वळते. किंमत साधारण ३५ ते ६० हजार. ज्याचे रोजचे पोट या कामावर आहे, त्याने दोन हंगामांनंतर तिकडे जरूर जावे, कारण कंबर आणि पाठ त्याचीच आहे. सुरुवातीला मात्र उंच इमारतींच्या काचा पुसणारे वापरतात तसा, पोटाला आणि बाजूंना रिंगा असलेला रोप-ॲक्सेस हार्नेस पुरतो. देशी बनावटीचा ५ ते १२ हजारांत मिळतो. घेण्याआधी दुकानातच तो घालून दहा मिनिटे लटकून बघावे. लटकू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नये.

आता दोर. निळा किंवा पिवळा चकचकीत दोर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. एक तुकडा पाण्यात टाकला की कळते : पॉलिप्रॉपिलीन तरंगते, नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. बुडाला म्हणून दोर माणसासाठी योग्य ठरत नाही, पण तरंगला तर त्यावर माणूस चढवू नये. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळते, आणि झाडावर दोरावरून दोर घासतच असतो. काथ्याचे चऱ्हाट तर आतून कधी कुजले ते बाहेरून दिसतही नाही.

गिर्यारोहण करणाऱ्यांकडे जुना डायनॅमिक दोर पडलेला असतो आणि तो वापरायचा मोह होतो. तो दोर पडणाऱ्या माणसाचा झटका शोषण्यासाठी मुद्दाम ताणणारा बनवलेला असतो. झाडावर त्याने वर चढू लागलात, तर अर्धी ताकद दोर ताणण्यातच जाते. झाडाला हवा तो कमी ताणाचा दोर, ईएन १८९१, प्रकार 'ए'. या प्रकाराच्या दोराला किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सव्वादोन टन भार पेलावा लागतो. गाठ मारली की दोराची ताकद एक-तृतीयांशाने, कधी त्याहूनही अधिक घटते, म्हणून एवढा मोठा आकडा लागतो. जाडी ११ ते १३ मिलिमीटर. त्याहून बारीक दोर हाताला धरवत नाही आणि त्यावर गाठही नीट पकड घेत नाही.

लांबी किती? झाडावर शिकणाऱ्याने दुहेरी दोराची पद्धत वापरावी. दोर वरच्या बेचक्यातून जाऊन पुन्हा आपल्याकडे येतो, म्हणून उंचीच्या दुप्पट दोर लागतो. ४५ मीटरच्या दोरावर वीस मीटरपर्यंत काम होते, आणि सोसायटीतल्या बहुतेक झाडांना तेवढे पुरते. मीटरला १०० ते २५० रुपये धरले, तर साडेचार ते अकरा हजार. टोकाला शिवलेला डोळा असलेला खास झाडांचा परदेशी दोर १५ ते २५ हजारांना पडतो.

दुसरा छोटा दोर म्हणजे कमरेचा. तोच दोर चार-पाच मीटर घ्यायचा, एका बाजूच्या रिंगेतून खोडाभोवती फिरवून दुसऱ्या बाजूला जोडायचा. खर्च हजार-दीड हजार. या दोराबद्दल मी अजिबात तडजोड करणार नाही. करवत लाकडाला लागण्याआधी माणूस दोन ठिकाणी जोडलेला असलाच पाहिजे : एक मुख्य दोर, एक कमरेचा. करवत चुकून मुख्य दोरावर गेली, तर दुसरा दोर माणसाला वाचवतो. यांत्रिक करवत वर नेणाऱ्याने कमरेसाठी आत पोलादी तार असलेला दोर घ्यावा, मात्र विजेच्या तारांजवळ तो वापरू नये.

कॅराबिनर, म्हणजे उघडता-लावता येणाऱ्या जोडकड्या, पाच-सहा लागतात. प्रत्येकी दीड ते साडेतीन हजार, म्हणजे यादीतला हा मोठा आकडा, आणि काटछाट करायला सर्वांना हीच जागा सापडते. ती करू नये. फिरवून लावायचे साधे स्क्रू असलेले कॅराबिनर फांदीला आणि दोराला घासून आपोआप उघडू शकतात. झाडासाठी तीन हालचालींनी उघडणारे आणि सोडताच स्वतः बंद होणारे घ्यावेत. अंगावर ईएन ३६२, किलोन्यूटनचे आकडे आणि अनुक्रमांक कोरलेला असावा. रस्त्यावर किल्ल्यांसाठी मिळणारे तसेच दिसतात, म्हणून पावतीसह खात्रीच्या दुकानातून घ्यावेत. पेट्झलने २०११ मध्ये आपल्या मालाच्या हुबेहूब नकला बाजारात आल्याचा जाहीर इशारा दिला होता. निम्म्या किमतीत मिळणारा नामांकित माल दिसला की संशय घ्यावा.

पैसे वाचवायचे ते चढण्याच्या यंत्रात. झिगझॅगसारखे घर्षणयंत्र ३० हजारांच्या घरात जाते आणि दिसायला मोहक असते. पण ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली, दोरावर पकड घेणारी गाठ आणि तिच्यातून पुढे निघालेल्या गाठी तेच काम करतात. आठ ते दहा मिलिमीटर जाडीची, उष्णता सोसणारी, दोन्ही टोकांना डोळे शिवलेली दोरी हजार ते अडीच हजारांत येते. गाठ शिकताना माणूस दोर कसा वागतो ते शिकतो. यंत्र पहिल्या दिवशी घेणाऱ्याला ते कळत नाही. ट्रेकिंगची सहा मिलिमीटरची दोरी मात्र या गाठीला वापरू नये. डायनीमाची बारीक पट्टीही नको. ती भक्कम असते, पण निसरडी असते आणि १५० अंशांच्या आतबाहेर वितळते.

हेल्मेटच्या हनुवटीच्या पट्ट्याकडे कोणी बघत नाही. कारखान्याच्या ईएन ३९७ हेल्मेटचा पट्टा २५ किलोच्या आत सुटावा असाच बनवलेला असतो, म्हणजे हेल्मेट कुठे अडकले तर गळफास बसू नये. उंचीवर पडताना मात्र हेल्मेट डोक्यावर राहायला हवे, म्हणून ईएन १२४९२चा पट्टा घ्यावा. ३ ते ९ हजार.

बाकीचे झटपट. वरच्या बेचक्यात दोर नेण्यासाठी बारीक दोरी आणि पाव ते अर्ध्या किलोची वजनी पिशवी, दोन-तीन हजार. बेचक्यात साल आणि दोर दोन्ही घासू नयेत म्हणून रिंगांचा पट्टा, दोन ते सहा हजार. तो घ्याच, दोराचे आयुष्य त्याने वाढते. म्यानासह वाकडी हातकरवत : देशी पाचशे-हजारात, जपानी सिल्की सहा-आठ हजारांत. या एका वस्तूत महाग माल खरोखर फरक पाडतो, कारण कापण्याचा वेळ निम्मा होतो आणि थकलेला हात चुका करतो. बुटांना लावायचे लोखंडी काटे जिवंत झाडावर वापरू नयेत. प्रत्येक भोक ही सालीतली जखम असते. ते फक्त पाडायच्या झाडासाठी.

सारी बेरीज चाळीस हजारांच्या आसपास येते. समजा दोर-दोऱ्या तीन वर्षांत आणि बाकीचे सामान पाच वर्षांत बदलले आणि वर्षाला शंभर झाडे केली, तर झाडामागे शंभरएक रुपये पडतात. छाटणीच्या बिलात हा आकडा दिसणारही नाही.

पण एक रक्कम जवळजवळ कोणीच धरत नाही : दुसऱ्या माणसाचे सामान. वर कोणी जखमी होऊन लटकला, तर अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. खाली झाडावर चढता येणारा माणूस हवा, त्याचा स्वतःचा हार्नेस आणि स्वतःचा दोर हवा. म्हणजे आणखी तीस हजार. माझ्या मते यंत्रे, महाग हार्नेस, सारे थांबवून आधी हा खर्च करावा. आणि दोघांनी मिळून जमिनीपासून दोन मीटरवर, जखमीला खाली आणण्याचा सराव करावा.

सामान घरी आले म्हणजे लगेच वर जायचे नाही. आधी झाडाभोवती फिरून बघायचे. आग्या मोहोळ, ढोली, खोडाच्या बुडाशी बुरशीच्या छत्र्या, वठलेल्या फांद्या, आंब्यावर पाने शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी. शेवगा, पांगारा, जांभूळ यांच्या फांद्या जाड दिसल्या तरी पटकन मोडतात, आणि गुलमोहराचाही भरवसा नाही. दोर अडकवायचे बेचके जिवंत, खोडाजवळचे आणि किमान दहा सेंटिमीटर जाड हवे. दोर पडला की खालून दोघांनी एकदम त्यावर लटकून बघायचे. मोडायचे तर तेव्हाच मोडू दे. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायची, नाहीतर उतरताना टोक हातातून निसटते. फांदीवर दूर जाताना दोर जितका आडवा, तितका घसरल्यावर बसणारा झोका मोठा. म्हणून बेचके शक्य तितके उंच घ्यायचे.

विजेची तार जवळ असेल तर सामान कितीही चांगले असले तरी काम थांबवावे. महावितरणच्या भागात १९१२ वर कळवून पुरवठा बंद करून घ्यावा आणि तो खरोखर बंद झाल्याची खात्री करूनच वर जावे.

रोज संध्याकाळी दोर मीटर-मीटर हातातून सरकवून बघावा. कडक, मऊ, चपटे किंवा वितळून चकाकणारे ठिकाण लागले की तिथून दोर कापावा. कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवावा. गाडीच्या डिकीत बॅटरी, पेट्रोल किंवा साखळीच्या तेलाशेजारी ठेवू नये. आम्ल कापडाला आतून खाते आणि बाहेर डागही दिसत नाही. पेट्झल आपल्या कापडी मालाला बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षे देते, रोजच्या वापरात ते आयुष्य खूपच कमी होते. म्हणून जुने, तारीख पुसलेले सामान स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. बाद केलेल्या दोराचे तुकडे करावेत, म्हणजे तो पुन्हा कुणाच्या कमरेला जाणार नाही.

नारळाचा हिशेब वेगळा आहे. माडाला बेचके नाही आणि झावळी वजन पेलत नाही, त्यामुळे वरचे बहुतेक सामान तिथे निरुपयोगी. तिथे पायांनी वर सरकवायचे लोखंडी चढणयंत्र काही हजारांत मिळते. सोबत खोडाभोवतीचा सुरक्षा पट्टा हवाच. नारळ विकास मंडळ २०११ पासून त्याचे प्रशिक्षण देत आले आहे. कोकणातल्या बागायतदारांनी आधी तिकडे चौकशी करावी.

सोसायटीसाठी आता. शहरात फांदी कापण्याआधी महाराष्ट्राच्या १९७५च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष विभागाची परवानगी घ्यावी. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांपुढची झाडे प्राचीन वृक्ष ठरतात, त्यांना नियम अधिक कडक आहेत. ठेकेदाराचे दरपत्रक आले की त्याला तीन प्रश्न विचारावेत : वर जाणारा माणूस किती ठिकाणी जोडलेला असेल, त्याला खाली आणणारा कोण, आणि दोघांचा अपघात विमा आहे का. काम सुरू होण्याआधी सामान जमिनीवर मांडायला सांगावे आणि हार्नेसच्या लेबलवरचे आकडे वाचावेत. सर्वांत कमी दर देणाऱ्याकडे यांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर त्याला काम देऊ नये. आणि नेहमीचा ठेकेदार प्रामाणिक असूनही त्याच्याकडे सामान नसेल, तर हंगामाच्या बिलातली काही रक्कम त्याला मार्चमध्येच आगाऊ द्यावी, हार्नेसची पावती दाखवण्याच्या अटीवर.