लाइट किती ग्रॅमचा?

सायकलच्या दुकानात हेडलाइट तळहातावर तोलून ‘व्वा, हलका आहे!’ म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझा लाइट शंभर ग्रॅमच्याही आतला होता. जुलैतल्या एका रात्री पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरताना चाक खड्ड्यात आदळलं, प्लॅस्टिकच्या क्लिपचा दात मोडला आणि लाइट पेटलेलाच डांबरावरून घरंगळत गटारात गेला. धुक्यात पुढचं वळण दिसेना. मित्राच्या धिप्पाड ॲल्युमिनियमच्या लाइटमागे ब्रेक आवळत कसंबसं वाई गाठलं.

त्यामुळे आधी क्लॅम्प बघा, दिवा नंतर. स्क्रूने आवळायचा धातूचा क्लॅम्प थोडा जड असतो, असू द्या. पाण्याची भरलेली बाटली पाऊण किलोची असते, तिच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. मात्र जड लाइट मऊ रबरी पट्ट्यावर लावलात तर प्रत्येक धक्क्याला तो मान खाली घालणार.

हलकेपणा येतो कुठून, हेही विचारावं. लाइटमध्ये सर्रास असणारा १८६५० आकाराचा सेल एकटाच सुमारे ४५ ग्रॅमचा. वजन कमी करायचं तर कंपनीला सोपा उपाय म्हणजे छोटा सेल, म्हणजेच कमी तास. ३०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडला, २० तासांची मुदत असते, तिथे रात्र चुकत नाही. सेल बदलता येईल असाच लाइट घ्या.

एलईडी तापते. ॲल्युमिनियमची बॉडी ती उष्णता बाहेर टाकते, प्लॅस्टिकची कोंडून ठेवते. मग चांगल्या लाइटचं सर्किट स्वतःच उजेड उतरवतं. घाट चढताना वेग कमी, वारा नाही, तेव्हा हे हमखास होतं. खोक्यावरचे ल्यूमेन पहिल्या काही मिनिटांचे समजा.

पावसाचं म्हणाल तर पाणी अडवण्याच्या रेटिंगमध्ये आयपीएक्स-४ म्हणजे फक्त शिंतोडे. सह्याद्रीतल्या पावसाला माझ्या मते आयपीएक्स-६ हवंच, आणि चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का, ते नखाने उचकून बघावं.

हलका लाइट टाकून देऊ नका. हेल्मेटवर तोच बरा, तिथे जड लाइटने तासाभरात मान दुखते. आणि हँडलवरच्या लाइटला बुटाची जुनी लेस बांधून ठेवा. क्लॅम्प मोडलाच तर लाइट लोंबकळेल, गटारात जाणार नाही.