आळशी म्हणण्याआधी



सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा मुलगा आमच्या वसतिगृहात पाचवीत होता. मोहफुलांचा हिशेब तो तोंडी चटकन करी, ऐकलेली गोष्ट पावरीत जशीच्या तशी सांगे. वही उघडली की मात्र गप्प. ‘बदक’चे ‘दबक’ होई, घ-ध आणि भ-म यांत गोंधळ उडे, वेलांट्या गळत. मी त्याला आळशी म्हटले, एकच धडा दहा वेळा लिहायला लावला. होळीला घरी गेला, तो परत येईना. वडील म्हणाले, “ताई, पोरगा म्हणतो, मला डोकंच नाही.” हे वाक्य त्याला मीच शिकवले होते.

ओळखावे कसे? आपल्या मुलांची घरची भाषा वेगळी असते. म्हणून मराठीत अडखळणारे प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मग पाहावे: त्याच पाड्यावरची, तितकीच वर्षे शाळेत आलेली मुले वाचू लागली का? हे मूल तोंडी हुशार असून वाचन, लेखन किंवा गणितातच सतत मागे पडते का? तसे असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अध्ययन अक्षमता म्हणजे मतिमंदत्व नव्हे आणि ती शिक्षेने जात नाही.

मदत कशी करावी? अक्षर वाळूत गिरवून, मोठ्याने उच्चारून शिकवावे. एका वेळी थोडेच द्यावे. सर्वांसमोर वाचायला लावू नये. उत्तर तोंडी घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी नववीपर्यंत थांबू नये.

मोशेने आपली जीभ जड असल्याचे सांगितले (निर्गम ४:१०), तेव्हा देवाने त्याची जीभ बदलली नाही. त्याच्यासोबत बोलायला अहरोन दिला. काम मात्र मोशेकडेच राहिले.

मी पाड्यावर जाऊन त्या मुलाची क्षमा मागितली. तो परत आला. अजून हळूच वाचतो, पण वही लपवत नाही.

मननासाठी: आपल्या संडेस्कूलमध्ये वचन वाचायची पाळी आली की कोणते मूल बाहेर जाते? त्याचा अहरोन कोण होईल?