आधी सेल बघ, मग एम्युलेटर

बाळा, मामांच्या कपाटातला पाम, तो खिशात मावणारा जुना कॉम्प्युटर, तुला लॅपटॉपवर चालवायचाय ना? मग एम्युलेटर उतरवून घ्यायची घाई करू नकोस. तो कधीही मिळेल, मामांच्या नोंदी मात्र एकदा गेल्या की गेल्या.

आधी मागचं झाकण उघड. खानदेशातल्या मे महिन्यात बंद कपाटात पडलेले सेल पाझरतात. पांढरी पूड दिसली, तर कापसाला जरासं व्हिनेगर लावून पत्र्या पूस, पूर्ण कोरड्या कर. यंत्र अजून जिवंत असेल, तर नवे सेल हाताशी घेऊनच जुने काढ. या पामच्या नोंदी रॅममध्ये असतात आणि सेलशिवाय त्या जेमतेम मिनिटभर टिकतात. सेल कधीच संपले असतील, तर मामांचा जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नकोस. त्यातल्या पाम डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये हॉटसिंकने घेतलेली नक्कल सापडू शकते.

नोंदी हाती आल्या की रॉम. एम्युलेटर प्रोसेसर, पडदा, बटणं यांची नक्कल करतो. पामची सिस्टीम असते रॉममध्ये. ती आपल्याच यंत्रातून काढावी, कुठून तरी उचललेली नको. त्यासाठी सिरियल पोर्ट लागतं, ते तुझ्या लॅपटॉपला नाही. गोलाणी मार्केटात यूएसबीचा कन्व्हर्टर घ्यायला जाशील तेव्हा पामचा क्रेडल सोबत ने, पिना तिथेच जुळवून बघ.

पामचा पहिला पायलट 1996 मध्ये आला आणि त्याच वर्षी ग्रेग ह्यूगिलने कोपायलट नावाचा एम्युलेटर लिहिला. पुढे पाम कंपनीने त्यावरूनच स्वतःचा केला. आजचा क्लाउडपायलट त्याच घराण्यातला. तो ब्राउझरमध्येच चालतो. म्हणूनच जप: ब्राउझरची साफसफाई केलीस की आतलं सगळं पुसलं जाईल. काम झालं की सेशन फाइलमध्ये उतरव आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेव.

पडदा 160 बाय 160 ठिपक्यांचा. दुप्पट, तिप्पट असा पूर्ण पटीतच मोठा कर, नाहीतर अक्षरं फाटतात. पामवर लिहायची लिपी, ग्राफिटी, मात्र फोनवर बोटाने गिरवून बघच. आडवी दांडी न देता नुसता उलटा व्ही काढलास की ए उमटतो. मला ही लिपी फार आवडते.

पाममध्ये देवनागरी नव्हती, म्हणून मामांनी रावेरचे केळीचे भाव इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिले असतील. त्यांचं स्पेलिंग सुधारू नकोस. आणि पामचं कॅलेंडर 2031 पर्यंतच जातं, तेव्हा पुढच्या तारखा त्यात टाकू नकोस.