लग्नाच्या जाहिरातीचे शेवटचे वाक्य

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण नेहमी यजमानाच्या बाजूने सांगितली जाते. लग्नावर ज्यांचे पोट चालते त्यांची बाजू तीत येत नाही. मंगल कार्यालयाचे चालक, आचारी आणि केटरर, मंडपवाले, बँडवाले, फोटोग्राफर, पत्रिका छापणारे छापखाने, बस्त्याची कापडदुकाने अशी केवढी तरी मंडळी एका लग्नाभोवती उभी असतात. त्यांची जाहिरात आज पत्रक, वर्तमानपत्र आणि व्हॉट्सअ‍ॅप अशा तिन्ही वाटांनी आपल्या घरात येते. प्रस्तुत लेखात त्या जाहिरातीच्या केवळ शेवटच्या वाक्याचा विचार करावयाचा आहे. वाचणाऱ्याने आता नेमके काय करावे, हे सांगणारे ते वाक्य. विपणनाच्या परिभाषेत त्याला कृतीचे आवाहन म्हणता येईल. (आवाहन म्हणजे बोलावणे, आव्हान म्हणजे ललकारी. छापील मजकुरात हे दोन शब्द इतक्या वेळा एकमेकांच्या जागी बसलेले आढळतात की, एखादा केटरर गिऱ्हाइकाला जेवणाचे आव्हान देताना दिसला तरी नवल वाटू नये.)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला जाहिरातीच्या चार पायऱ्या पाठ असतात: लक्ष, रस, इच्छा आणि कृती. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या सूत्राचे श्रेय सामान्यतः एल्मो लुईस या अमेरिकन जाहिराततज्ज्ञाला दिले जाते. उत्तरपत्रिकेत आपण चारही पायऱ्या सारख्याच मन लावून लिहितो. बाजारात मात्र सगळा खर्च पहिल्या तीन पायऱ्यांवर होतो. बेळगावात गेल्या हंगामात हाती आलेली पत्रके मी जमवून ठेवली आहेत. त्यांवर गणपती आहे, सनई-चौघडा आहे, रंगीत मंडप आहे, ‘तत्पर व विनम्र सेवा’ तर जवळजवळ सर्वांवर आहे. आणि शेवटी? ‘एक वेळ अवश्य भेट द्या.’ कशासाठी भेट द्यावयाची, केव्हा, तेथे कोण भेटेल, सोबत काय आणावयाचे, याचा पत्ता नाही. चौथी पायरी अशी अर्धवट राहिली की, आधीच्या तिन्ही पायऱ्यांचा खर्च वाया जातो.

गंमत अशी की, हेच छापखाने आणि हेच व्यावसायिक ज्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांत वावरतात, त्या पत्रिका आवाहनाचा उत्तम धडा आहेत. पत्रिकेत तिथी, वार, तारीख, मुहूर्ताची मिनिटे आणि स्थळ असते. कोण बोलावते आहे आणि किती जणांनी यावे, हेही असते: सहकुटुंब, सहपरिवार. घाईत कोणी प्रत्यक्ष बोलावणे करू शकला नाही, तर ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ अशी सोयही असते. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ पाहा. पाहुण्याच्या मनातील एक अडचण ती मुकाट्याने दूर करते. आणि अगदी तळाशी घरातील पोराटोरांच्या नावाने ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ हे वाक्य येते. माझ्या मते साऱ्या पत्रिकेत हेच सर्वांत प्रभावी आवाहन. वरची सारी भाषा संस्कृतप्रचुर आणि ताठ. हे एकच वाक्य बोलण्यातले आहे आणि ते एका ओळखीच्या माणसाच्या तोंडी आहे. ‘संपर्क साधावा’ असे कोणीही कोणाला घरी म्हणत नाही.

पत्रिकेकडून घ्यावयाचा धडा असा, की वाचणाऱ्याला एकच, लहानसे आणि ताबडतोब करता येण्याजोगे काम सांगावे. ते काम कोणते, हे धंद्याधंद्यावर अवलंबून आहे. मंगल कार्यालयाचे पाहा. कार्यालय शोधणाऱ्या घरापुढे पहिला प्रश्न सजावटीचा नसतोच. आपल्या मुहूर्ताला जागा मोकळी आहे की नाही, एवढाच असतो. तेव्हा ‘आपली तारीख कळवा, मोकळी आहे की नाही ते लगेच सांगतो’ हे वाक्य ‘आजच बुकिंग करा’ या वाक्यापेक्षा पुष्कळ अधिक काम करील. लाखाच्या घरातला निर्णय कोणी पत्रक वाचून घेत नसतो. तारीख विचारणे मात्र फुकट असते. एकदा तारीख सांगितली गेली की संभाषण सुरू झाले. विसार देणे ही त्यानंतर चार बैठकींची गोष्ट आहे.

केटररचे निराळे. तेथे शंका चवीची आणि पानामागच्या दराची असते. ‘दर फोनवर सांगितले जाणार नाहीत, प्रत्यक्ष भेटा’ असे काहीजण छापतात. प्रत्येक लग्नाचा बेत निराळा, म्हणून दरही निराळा, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु वाचणाऱ्याला त्यातून लपवाछपवीचा वास येतो. त्याऐवजी एका साध्या बेताचा दर छापावा आणि पुढे लिहावे, ‘किती पाने आणि कोणता बेत, एवढे कळवा; हिशेब करून कागद पाठवतो.’ चव दाखवण्याची तयारी असेल तर तसे स्पष्ट सांगावे, वार आणि वेळेसह.

बस्त्याच्या दुकानांचा विचार थोडा अधिक करावा लागेल, कारण बेळगावच्या बाजारपेठेत या खरेदीला मोठे महत्त्व आहे. खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर या भागांत केवळ शहरातली गिऱ्हाइके नसतात. खानापूर, चंदगड आणि गोव्याकडूनही मंडळी बस्ता बांधायला येतात. ती एकेकटी येत नाहीत. आजी, आत्या, मामी, नवरी आणि कंटाळलेला एखादा मामा असा मेळा गाडी करून येतो आणि पुष्कळदा संध्याकाळी परतावयाचा असतो. जाहिरात वाचतो एक आणि निर्णय घेतात सहाजण. अशा घराला ‘भेट द्या’ म्हणणे पुरेसे नाही. ‘येण्याच्या आदल्या दिवशी फोन करा, साड्या काढून ठेवतो, गाडी लावायला अमुक जागा आहे, दुकान इतक्या वाजता उघडते’ असे म्हटले, तर त्या आत्याचा निम्मा विरोध घरीच मावळतो. पत्रिकेतल्या ‘आहेर आणू नये’ या ओळीचे हे भावंडच होय.

आता घाईविषयी. ‘मोजक्याच तारखा शिल्लक’, ‘आज शेवटचा दिवस’ अशी वाक्ये आवाहनाला जोर आणतात, अशी समजूत आहे. लग्नाच्या धंद्याला खोटी घाई निर्माण करण्याची मुळी गरजच नाही, कारण खरी टंचाई पंचांगात छापलेलीच असते. आपल्याकडे बहुतेक घरी चातुर्मासात लग्ने टाळतात, तुळशीविवाहानंतर हंगाम उघडतो. त्यात अधिक मास आला की हिशेब आणखी बदलतो. २०२३ साली अधिक श्रावण होता. तो चातुर्मासातच पडल्यामुळे कार्यालयवाल्यांचे फारसे बिघडले नाही. २०२६ सालचा अधिक ज्येष्ठ मात्र १७ मे ते १५ जून असा, म्हणजे ऐन हंगामात येणारा. ज्या घरी अधिकात लग्न करीत नाहीत, त्या घरांची गर्दी आधीच्या आणि नंतरच्या मुहूर्तांवर होणार हे उघड आहे. एवढीच माहिती पत्रकावर सरळ दिली आणि ‘अमुक मुहूर्त आमच्याकडे अजून मोकळा आहे, हवा असल्यास कळवा’ असे लिहिले, तर ओरडण्याचे कारण उरत नाही. वाचणारा घरातले पंचांग उघडून पडताळा पाहू शकतो.

खोट्या घाईला आता कायद्याचीही आडकाठी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या आधारे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. छापलेल्या किमतीला वस्तू किंवा सेवा मिळण्याची वाजवी शक्यता नसताना केवळ गिऱ्हाईक ओढण्यासाठी जाहिरात करू नये, असे त्यांत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांविषयी जी तत्त्वे आली, त्यांत तेरा प्रकार सांगितले असून खोटी निकड हा त्यांपैकी एक आहे. आणि कराराच्या कायद्यातला कार्बोलिक स्मोक बॉलचा खटला कोणता वाणिज्य-विद्यार्थी विसरेल? आमचे औषध वापरूनही इन्फ्लुएंझा झाला तर १०० पौंड देऊ, अशी जाहिरात कंपनीने केली. प्रामाणिकपणाची खूण म्हणून १००० पौंड बँकेत ठेवल्याचेही छापले. श्रीमती कार्लिल यांनी औषध वापरले, त्यांना ताप आला आणि कंपनीला पैसे द्यावे लागले. सामान्य जाहिरात हा प्रस्ताव नसून प्रस्तावाला दिलेले निमंत्रण असते, हे खरे. परंतु ‘पहिल्या दहा नोंदण्यांना मंडप मोफत’ असे नि:संदिग्ध छापणाऱ्याने हा खटला एकदा वाचून मग छापखान्यात जावे.

आमच्या भागात याला भाषेचा आणखी एक पदर आहे. व्यापारी आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के कन्नड असावे, अशी दुरुस्ती कर्नाटकात २०२४ साली झाली. फलक त्या नियमाने होतो. पत्रक मात्र बहुधा दोन्ही भाषांत निघते, आणि तेथे एक चूक हमखास दिसते. मराठी मजकूर तयार होतो आणि कन्नड बाजू शब्दाला शब्द ठेवून उतरवली जाते, किंवा याच्या उलट. माहितीचा भाग असा उतरवता येतो. आवाहनाचा येत नाही, कारण बोलावण्याची रीत प्रत्येक भाषेची आपली असते. मराठी पत्रिका आग्रह करते. कन्नड पत्रिकेच्या तळाशी ‘सुखागमन बयसुववरु’ म्हणून नावे येतात, म्हणजे आपले सुखाने येणे इच्छिणारे. दोन्हींत अगत्य तेवढेच आहे, पण एक हात धरून ओढते, तर दुसरी दारात उभी राहून वाट पाहते. पत्रकावरच्या ‘संपर्किसि’ या शब्दाने आमच्या कन्नड शेजाऱ्यांना तितकेच थंड वाटते, जितके आपल्याला ‘संपर्क साधावा’ने. ‘ओंदु सल बंदु नोड्रि’ म्हटले की या भागातला माणूस वळून पाहतो. मराठीत ‘एकदा येऊन बघा की’ म्हटल्यासारखे. तेव्हा दोन बाजू दोघांकडून, आपापल्या भाषेत विचार करणाऱ्यांकडून लिहवून घ्याव्यात. अटींच्या बाबतीत तर हे बंधनच आहे: दावा ज्या भाषेत असेल त्याच भाषेत त्यावरची अट छापावी, असे वर सांगितलेल्या २०२२ च्या तत्त्वांत म्हटले आहे. मराठीत सवलत आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत ‘अटी लागू’, हे चालणार नाही.

कोणते आवाहन चालले, हे मोजण्याची युक्ती शंभर वर्षांपूर्वीची आहे. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातकाराने १९२३ च्या आपल्या पुस्तकात कुपनांवर खुणा ठेवून परत आलेली कुपने मोजण्याचा पुरस्कार केला. आपल्याला कुपनही नको. वडगावात वाटलेल्या पत्रकावर ‘फोनवर वडगाव म्हणून सांगा’ आणि खानापूरच्या पत्रकावर ‘खानापूर’ एवढे छापले तरी पुरे. मात्र मोजताना केवळ चौकश्या मोजू नयेत. समजा, ४००० रुपयांच्या एका पत्रकावर ‘आकर्षक सवलत, आजच फोन करा’ असे होते. ४० फोन आले, ४ लग्ने मिळाली. तेवढ्याच खर्चाच्या दुसऱ्या पत्रकावर ‘तारीख आणि पानांची संख्या कळवा’ असे होते. १६ फोन आले, ८ लग्ने मिळाली. चौकशीमागे खर्च पहिल्यात १०० रुपये, दुसऱ्यात २५०, म्हणून पहिले स्वस्त वाटते. लग्नामागे पाहिले तर पहिल्यात १००० आणि दुसऱ्यात ५०० पडतात. शिवाय पहिल्यात छत्तीसजणांशी व्यर्थ बोलण्यात गेलेला वेळ हिशेबात धरलेलाच नाही.

राहता राहिला फोन. ज्या दिवशी मुहूर्त असतो त्या दिवशी सकाळी आचारी चुलीपाशी असतो, बँडवाला वरातीत असतो आणि कार्यालयाचा चालक पंगतीत. नेमक्या त्याच दिवशी, दुसऱ्याच्या लग्नाला आलेली चार माणसे जेवण आवडले म्हणून तेथूनच फोन लावतात आणि तो वाजत राहतो. म्हणून आवाहनाच्या ओळीत फोनची वेळ लिहावी, आणि मालकाचा नंबर छापण्याऐवजी घरात किंवा कचेरीत ज्या व्यक्तीपाशी तारखांची वही असते, तिचा नंबर छापावा.