घर आणि समेट

समेट हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. दोन भाऊ बांधावरून भांडतात, पंच मध्यें पडतात, आणि कांहीं दिवसांनीं दोघेही एका पंक्तीस बसतात. यास आपण समेट म्हणतों. परंतु ज्या कलहांत एका पक्षानें दुसऱ्याची जमीन घेतली, घर जाळलें आणि मुलेंही नेलीं, तेथें समेट कशास म्हणावा? कॅनडांत हा प्रश्न घरांसाठीं कर्ज देणाऱ्या एका सरकारी महामंडळापुढें उभा आहे. त्याच्या उदाहरणावरून या विषयाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पूर्वेतिहास पाहूं. आज जेथें व्हँकूव्हर शहर आहे, तेथें खाडीच्या मुखाशीं स्क्वामिश लोकांचें सेनाक्व नांवाचें गांव होतें. इ. स. १९१३ मध्यें ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारनें दडपण आणून तेथील कुटुंबांस जमीन सोडावयास लाविलें. त्यांस नावेंत बसवून दूर पाठविण्यांत आलें व त्यांचीं घरें जाळण्यांत आलीं. त्याच काळीं मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं देशभर वसतिशाळा चालत. पैसा सरकारचा आणि कारभार बहुतेक ठिकाणीं चर्चचा. दीड लाखाच्या आसपास मुलें या शाळांत गेलीं. त्यांस स्वभाषा बोलण्याची मनाई असे, आणि हजारों मुलें तेथेंच मरण पावलीं. कॅनडाच्या अँग्लिकन चर्चनें १९९३ सालीं व पोप फ्रान्सिस यांनीं २०२२ सालीं या शाळांबद्दल क्षमा मागितली. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या आपणां सर्वांस हें प्रकरण डोळे मिटून ओलांडतां येणार नाहीं. सत्य व समेट आयोगानें २०१५ सालीं आपलें काम पूर्ण केलें व देशापुढें ९४ कर्तव्यें मांडिलीं.

आतां महामंडळाकडे वळूं. कॅनडा मॉर्टगेज अँड हाउसिंग कॉर्पोरेशन हें १९४६ सालीं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांस घरें मिळावींत म्हणून, स्थापन झालें. घरासाठीं कर्ज सुलभ करणें हें त्याचें मुख्य कार्य होय. परंतु मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनीवर हें कार्य अडतें. १८७६ सालच्या इंडियन कायद्यापासून त्या जमिनीची मालकी राजसत्तेकडे मानिली जाते, व ती बाहेरच्या सावकाराकडे गहाण पडूं शकत नाहीं. गहाणखताची धास्ती शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. या नियमानें जमीन सावकाराच्या घशांत जाण्यापासून वांचली, हें खरें. परंतु तारण नाहीं म्हणून पेढी कर्ज देत नाहीं, आणि बहुधा सरकारी मंत्र्यानें हमी घेतली तरच घर उभें राहतें. जमीन राखिली, पण घराचा निर्णय दुसऱ्याच्या हातीं गेला.

या अडचणींतून एक वाट आहे. लोकांनीं संमति दिल्यास राखीव जमिनीचा भाग भाडेपट्ट्यानें देतां येतो, आणि तो भाडेपट्टा, मूळ जमीन नव्हे, गहाण ठेवतां येतो. स्क्वामिश लोकांनीं दीर्घकाळ न्यायालयांत झगडून सेनाक्व येथील सुमारें साडेदहा एकर जमीन २००३ च्या सुमारास परत मिळविली. २०१९ सालीं त्यांच्या सभासदांनीं मतदान करून तेथें सुमारें ६,००० भाड्याच्या घरांची योजना मान्य केली. आणि २०२२ सालीं पहिल्या दोन टप्प्यांतील सुमारें ३,००० घरांसाठीं १४० कोटी डॉलरांचें सरकारी कर्ज या महामंडळामार्फत मंजूर झालें. महामंडळाच्या इतिहासांत एवढें मोठें कर्ज पूर्वीं दिलें गेलें नव्हतें.

येथें विचारी वाचक म्हणेल, कर्ज म्हणजे कांहीं दान नव्हे. खरें आहे, आणि आमच्या मतें यांतच त्याचें महत्त्व आहे. दान देणारा आपल्या मर्जीनें देतो व घेणाऱ्यास खालीं पाहावें लागतें. येथें स्क्वामिश लोक जमिनीचे धनी म्हणून व्यवहारास बसले. काय बांधावें हें त्यांनीं ठरविलें आणि भाड्याचें उत्पन्न त्यांच्या समाजाकडे यावयाचें आहे.

तथापि एका यशानें हिशेब पुरा झाला असें कोणी समजूं नये. सर्व समाजांपाशीं मोठ्या शहरांतील मोक्याची जमीन नाहीं. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणें कॅनडांतील मूळ रहिवाशांपैकीं शेंकडा १६.४ लोक मोठ्या दुरुस्तीची गरज असलेल्या घरांत राहत होते. इतर लोकांत हें प्रमाण शेंकडा ५.७ होतें. ज्या दूरच्या वस्तींत छप्पर गळतें, तेथें सेनाक्वचे उंच मनोरे कोणाचें अंग कोरडें ठेवीत नाहींत.

म्हणून कोणतीही संस्था समेटाचें नांव घेऊं लागली, म्हणजे विद्यार्थ्यांनीं तीन गोष्टी विचाराव्या: जमीन कोणाची राहिली, निर्णय कोणी केला, आणि सर्वांत वाईट घरांत राहणाऱ्याच्या वांट्यास काय आलें. क्षमायाचना आवश्यकच आहे, परंतु ती आरंभ होय. ज्याचें घर गेलें, त्याच्या हातीं घराची किल्ली आणि घर बांधण्याचा अधिकार हीं दोन्हीं पडेपर्यंत समेट अपुराच म्हटला पाहिजे.