अकरा-अकरा झाल्यावर नाणं कशाला?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. वेलचेरीतल्या एका टर्फवर रोज संध्याकाळी फुटबॉल खेळते, गोलकीपर आहे. तिच्या कोचनं मुलींना ढाक्यातल्या एका अंतिम सामन्याची गोष्ट सांगितली. भारत आणि बांगलादेशच्या १९ वर्षांखालच्या मुली, टायब्रेकर, मग नाणेफेक आणि शेवटी दोघंही विजेते! तेव्हापासून ती मला विचारते आहे, "बाबा, मग भारत जिंकला की नाही?" फुटबॉलचा करंडक नाणेफेकीवर देता येतो का?
— एक वाचक, वेलचेरी, चेन्नई

उत्तर : नाही देता येत, निदान त्या सामन्यात तरी नाही. भारत विजेता होता का, तर हो, होता. बांगलादेशही होता. ही दोन उत्तरं एकमेकांना छेद देत नाहीत, ते कसं ते सांगतो.

सामना ८ फेब्रुवारी २०२४चा. दक्षिण आशियाई देशांच्या 'सॅफ' संघटनेच्या १९ वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेची ही फायनल. आठव्याच मिनिटाला सिबानी देवीनं भारताला पुढे नेलं. ती आघाडी भारतानं नव्वदाव्या मिनिटापर्यंत टिकवली. भरपाईच्या वेळेत, शिट्टी वाजायला अगदी थोडा अवकाश असताना, बांगलादेशच्या सागरिकानं बरोबरी साधली. मग टायब्रेकर.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना टायब्रेकरवर गेला की काय होतं ते लहानपणापासून पाहत आलोय. इतका वेळ ओरडून घसा बसलेली माणसं एकदम गप्प होतात. मैदानाच्या मधल्या वर्तुळात खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात आणि त्यातला एक जण सुटा होऊन चालायला लागतो. मधल्या रेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंतचं ते चालणं फटक्यापेक्षा अवघड असतं. चेंडू ठेवताना तो दोन-दोनदा फिरवून बघणारे, रेफ्रीकडे न पाहता नुसत्या बुटाच्या टोकाकडे पाहणारे किती जण पाहिले! मोठी, मुरलेली माणसं तिथे चेंडू थेट गॅलरीत मारतात.

ढाक्यात त्या दिवशी एकही मुलगी चुकली नाही. पहिले पाच-पाच फटके झाले, बरोबरी. मग सडन डेथ, म्हणजे एकीचा गेला आणि दुसरीचा हुकला की खेळ खलास. तरीही कुणी हुकेना. शेवटी दोन्ही गोलकीपरनीही आपापला फटका मारला आणि तोही जाळीत. अकरा-अकरा. समजा, पेनल्टीचे चारांतले तीन फटके आत जातात. त्या हिशेबानं लागोपाठ २२ गोल होण्याची शक्यता साधारण ५६०त एक इतकीच निघते. तुमच्या लेकीला हा आकडा आवर्जून सांगा.

घोटाळा झाला तो यानंतर. सगळ्यांचे फटके मारून झाले तर पुढे काय, याचं उत्तर खेळाच्या नियमांत स्पष्ट आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. प्रत्येकीचा दुसरा फटका; फक्त क्रम बदलायची मुभा संघाला असते. याला शेवट नाही, निकाल लागेपर्यंत हेच चालू. मे २०२४मध्ये इस्रायलमध्ये डिमोना आणि शिमशोन तेल अवीव यांच्यात ५६ फटके मारावे लागले होते. २३-२२ असा निकाल लागला. नाण्याचं काम त्याआधीच संपलेलं असतं. टायब्रेकर कुठल्या गोलवर घ्यायचा आणि पहिला फटका कुणी मारायचा, एवढंच ते ठरवतं.

ढाक्यात मात्र सामना आयुक्तांच्या सांगण्यावरून नाणं उडवलं गेलं. कौल भारताच्या बाजूनं पडला, आपल्या मुली नाचायला लागल्या, बांगलादेशच्या मुली मैदान सोडेनात. चूक ध्यानात आल्यावर टायब्रेकर पुढे चालू करायचं ठरलं, पण तोवर भारतीय संघ मैदानाबाहेर गेला होता. बऱ्याच खोळंब्यानंतर दोघांनाही विजेते जाहीर केलं. आपल्या मुलींना नाणेफेक जिंकल्याचा आनंद झाला यात त्यांचा काहीच दोष नाही; त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. पण बांगलादेशच्या मुलींचा हट्टही रास्त होता, हे आपण मोकळ्या मनानं म्हणायला हवं. एकही फटका न चुकता कुणाच्या हातून करंडक का जावा?

ही चूक कुठल्या जुन्या सवयीतून आली असेल, त्याचा अंदाज बांधता येतो. फुटबॉलमध्ये एकेकाळी खरंच असं चालायचं. १९६८च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत नेपल्सला इटली आणि सोव्हिएत संघ यांची उपांत्य लढत गोलशून्य राहिली आणि इटलीचा कर्णधार फाकेटी नाणेफेक जिंकून संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये इस्रायल बल्गेरियाविरुद्ध चिठ्ठीवर बाहेर पडलं. तो सल मनात ठेवून इस्रायलच्याच योसेफ डागान यांनी पेनल्टीच्या फटक्यांची कल्पना पुढे रेटली आणि १९७०मध्ये ती नियमांत आली. म्हणजे टायब्रेकर जन्मालाच आला तो नाण्याला हद्दपार करण्यासाठी!

आता संयुक्त विजेतेपदाकडे येतो, कारण लेकीच्या प्रश्नातली खरी खुटखुट तिथे आहे. अर्धा करंडक म्हणजे कमअस्सल करंडक, असं तिला वाटत असणार. तिला १९७४चं बँकॉक सांगा. आशियाई युवा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शब्बीर अलींच्या नेतृत्वाखालच्या भारतानं इराणशी २-२ अशी बरोबरी केली आणि दोघं संयुक्त विजेते ठरले. त्या स्पर्धेत तेव्हा हे नवलाचं नव्हतं. १९६१मध्ये ब्रह्मदेश आणि इंडोनेशिया असेच संयुक्त विजेते होते. भारतानं ती स्पर्धा त्यानंतर कधीच जिंकली नाही. पन्नास वर्षं उलटली तरी आपण ते विजेतेपद अभिमानानं सांगतो, आणि ते सांगताना 'अर्धं' असं कुणी म्हणत नाही.

राहता राहिली तुमची गोलकीपर. टर्फवर सराव संपत आला की बाकीच्या मुली पेनल्टी मारतात आणि ती नुसती अडवत बसते, असंच चालत असेल. आमच्याकडेही तसंच चालायचं. कोचना सांगून शेवटची दहा मिनिटं तिला हातमोजे काढून फटके मारू द्या. अकरावा नंबर बहुधा तिचाच असेल.